कुलूपबंद घरातून गेलेला पिक्चर

लग्नात, बारशाला, दहाव्याला, कुठंही गेले तरी एक ना एक जण खुर्ची सरकवत माझ्याजवळ येतो. आधी गुडघ्याचं विचारतो, मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणतो, "मंगलताई, तुमाला आमचं सगळं दिसतं का हो?" सगळं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पहिल्या पहिल्यांदा मी खरं सांगायचे, की बाबा रे, काही दिसत नाही. पण खरं सांगितलं की लोकांना हमखास खोटं वाटतं. मग मी नुसतं हसायला लागले. त्यानं झालं असं, की आमच्या गल्लीतले दोन-तीन बाप्ये मला बघून रस्ता बदलायला लागले.

शेवगावात इंटरनेटच्या एका छोट्या ऑफिसात मी चौदा वर्षं काढली. आधी ते केबल टीव्हीचं ऑफिस होतं. मग फायबरची तार आली आणि आम्ही नेटवाले झालो. माणसं तीनच. मालक अण्णा, तार ओढणारा अशोक, आणि खुर्चीत मी. नवीन कनेक्शनचे कागद, तक्रारी, नोंदी, कंपनीला उत्तरं, सगळं माझ्याकडं. एका मोठ्या कंपनीकडून आम्ही नेट घ्यायचो आणि गावात वाटायचो. तिला आम्ही 'वरची कंपनी' म्हणायचो. ह्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, ताई, गमतीजमती लिहा. गमती आहेत की! पण नुसत्या गमती सांगून मी गप्प बसले तर ती फसवणूक होईल. माझ्या हातून एक गोष्ट अशी झालीय, की अजून अनोळखी नंबरचा फोन मी पहिल्या रिंगला उचलत नाही.

आधी धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुमच्या घरात तो पांढरा, शिंगांचा डबा असतो ना, त्याला आम्हीही डबाच म्हणतो. प्रत्येक डब्याला नंबर असतो आणि तो नंबर आमच्या कॉम्प्युटरात कुणाच्या तरी नावावर असतो. तुम्ही काय बघता ते आम्हाला दिसत नाही. दिसतं एवढंच, की कोणता डबा कधी चालू होता, किती माल आत आला, किती बाहेर गेला, आणि बाहेरच्या जगात तो कोणत्या पत्त्यानं वावरला. पोस्टमनला पाकीट दिसतं, आतलं पत्र दिसत नाही, तसं. ह्या नोंदी ठेवणं आम्हाला सक्तीचं. मागितल्या की द्यायच्या.

आता पिक्चरचं. फुकटात पिक्चर उतरवणाऱ्याला वाटतं, मी कुठं काय केलं, नुसतं घेतलं. तसं नसतं हो. पिक्चरचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात, आणि तुम्ही एक तुकडा घेत असता तेव्हाच तुमच्याकडचा दुसरा कुणाला तरी देत असता. घेणारा तोच वाटणारा. पिक्चरवाल्यांची माणसं त्याच घोळक्यात गुपचूप शिरतात आणि सगळ्यांचे पत्ते टिपून ठेवतात. मग तक्रार होते. ती फिरत फिरत वरच्या कंपनीकडं येते आणि वरची कंपनी आम्हाला लिहिते, अमुक पत्ता, अमुक वेळ, गिऱ्हाईक कोण ते कळवा. ते गिऱ्हाईक शोधायचं काम माझं.

त्यामुळं कुणाकडून जास्त माल बाहेर जायला लागला की माझे कान टवकारायचे. एकदा एका वस्तीवरचा डबा दिवस नाही रात्र नाही, नुसता बाहेर ओततोय. मी अण्णांना म्हटलं, हा पक्का पिक्चर वाटणारा, ह्याला आजच सरळ करते. अशोकच्या गाडीवर मागं बसून निघाले, रस्ताभर काय काय बोलायचं त्याची उजळणी करत. जाऊन बघते तर गोठा. म्हशींवर चार कॅमेरे. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरगं पुन्याला कंपनीत हाय. त्येला म्हशी बगितल्याबिगर करमत न्हाई." आतून त्यांची बायको ओरडली, "आईला फोन न्हाई करीत मेला, म्हशींना बगत बसतो!" झापायला गेलेली मी खरवस घेऊन परत आले.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. 'विषय' आणि 'संदर्भ' घालून, सुंदर अक्षरात लिहिलेला अर्जच घेऊन आले. आमची सून दिवसभर मोबाईलवर काय बघते त्याची यादी मिळावी. मी म्हटलं, "गुरुजी, अशी यादी नसते. आणि असती तरी दिली नसती."

"कनेक्शन माझ्या नावावर आहे!"

"नाव तुमचं आहे. डोळे तिचे आहेत."

रागावून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची सून आली. मला वाटलं, आता ही भांडणार. ती पदराआड हसत म्हणाली, "ताई, मामंजी दिवसभर काय बघतात त्याची यादी मिळेल का?"

अशा लोकांना परत पाठवताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. मी म्हणजे कोण, तर गावाची झाकणं सांभाळणारी बाई. लोकांचं नाव मी असंतसं कुणाच्या हातात देणार नाही, असं मी चारचौघांत छातीठोक सांगायचे. आणि नाव मीच दिलं. तेही चुकीचं.

ते कसं झालं, त्याला आमची एक पद्धत कारण आहे. आमची एक लाइन पाथर्डीच्या अंगाला जायची. दसरा झाला की त्या लाइनीवरची कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघायची, ती पार उन्हाळ्यापर्यंत. कुलूप लावलेल्या घरात डबा नुसता पडून. आणि त्याच दिवसांत दिवाळीच्या तोंडावर नव्या कनेक्शनांची झुंबड. वरची कंपनी डबे वेळेवर पाठवील तर शपथ. मग आम्ही काय करायचो, घरवाल्यांना विचारून शेजाऱ्याकडची किल्ली घ्यायची, डबा काढायचा, त्याच लाइनीवर दुसऱ्या कुणाकडं लावायचा आणि लोक तोडीहून परतायच्या आत जागच्या जागी. शेजाऱ्याची ताडपत्री मागून आणावी, त्यापेक्षा त्यात जास्त काही वाटायचं नाही. कॉम्प्युटरात नाव बदलायचं म्हणजे परत आधार, परत अंगठा, परत फोटो. पाच-सहा महिन्यांसाठी कोण करतंय? नाव जुनंच राहायचं. 'हंगामी डबा' म्हणायचो आम्ही त्याला. ही युक्ती अण्णांची नाही, अशोकची नाही. माझी.

त्या वर्षी किसनमामांचा डबा असाच हलवला. किसनमामा म्हणजे त्या लाइनीवरच्या एका वस्तीतले ऊसतोड कामगार. कनेक्शन घ्यायला आले तेव्हा मशीन त्यांचा अंगठाच घेईना. कोयता धरून धरून रेषा पुसून गेलेल्या. चार वेळा पुसला, तेल लावलं, माती लावली, काही नाही. मग सोबत आलेल्या मुलीच्या, वर्षाच्या अंगठ्यावर कनेक्शन झालं. तिलाच हवं होतं ते. पोलीस भरतीचा अभ्यास करत होती, क्लास मोबाईलवर. काटक पोरगी, बोलायला नीट, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. पुढं ती नगरला एका ॲकॅडमीच्या होस्टेलात राहायला गेली. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण आमच्या तोंडात नगरच येतं. दसऱ्यानंतर आईबाप तोडीला गेले, घराला कुलूप लागलं, आणि शेजाऱ्याकडची किल्ली घेऊन त्यांचा डबा अशोकनं फाट्यावर बाळूच्या मोबाईलच्या दुकानात लावला; गडबडीत मामांना विचारायचं मात्र राहून गेलं.

बाळूचा धंदा सगळ्यांना ठाऊक होता. मोबाईल दुरुस्ती हे नावाला. तोडीला निघालेली माणसं त्याच्याकडून मेमरी कार्डात पिक्चर भरून घ्यायची. उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत बसून तेवढीच करमणूक. बाळू ते पिक्चर कुठून आणतो हे मला माहीत होतं का? होतं. पण त्याला डबा दिला त्या दिवशी मी ते मनावर घेतलं नाही.

थंडी पडली आणि वरच्या कंपनीचा मेल आला. नवा पिक्चर, अमुक पत्त्यावरून वाटला गेलाय, सायबर पोलिसांकडं तक्रार आहे, गिऱ्हाइकाची माहिती पाठवा. मी नोंदी उघडल्या. एका पत्त्यामागं आमची बरीच घरं असतात, म्हणून वेळ मिनिटासकट जुळवावी लागते. जुळवली. डबा एकच निघाला. नाव वर्षाचं. दसऱ्याला अशोकनं आठ-दहा डबे हलवले होते, पण कुठला कुठं गेला ते त्याच्या डोक्यात, माझ्या कॉम्प्युटरात नाही. नोंदीत जे होतं ते मी उतरवलं, तिच्या आधारची प्रत जोडली, खाली माझं नाव घातलं आणि उत्तर पाठवून दिलं. आणि विसरून गेले.

महिन्याभरानं फोन आला. मागं ट्रॅक्टरची घरघर, कुणीतरी मोळ्या मोजतंय.

"नेटच्या बाई का? मी किसन बोलतोय, वर्षाचा बाप. बाई, गावच्या पोलीसपाटलानं मोबाईलवर कागद पाठवलाय. पोलिसांचा. पोरीचं नाव हाय त्येच्यात. पिक्चर चोरून वाटला म्हनं आपल्या नेटवरून. आवो, घराला कुलूप हाय! आमी समदे हितं फडात. पोरगी होस्टेलात. मंग नेट चालवलं कुनी, भुतानं?"

दसरा, अशोक, किल्ली, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"बाई, ऐकताय ना? पोरीचं भरतीच्या यादीत नाव आलंय. लई पळाली हो ती त्याच्यासाठी, पायाची नखं काळी पडली. आता निस्ती चौकशी ऱ्हायलीय, वागनूक कशी हाय त्याची. ह्या कागदानं नाव कटलं तर? आमच्या घरात कोयता सोडनारी ती पयलीच हाय."

"मामा, मी बघते," एवढंच म्हणाले. फोन ठेवला आणि पुढं मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी अशोकला फोन केला.

"किसनमामांचा डबा कुठंय?"

"फाट्यावर, बाळूकडं. का वो ताई?"

"आत्ताच्या आत्ता काढून आण. त्यांच्या घरात लाव आधीसारखा. कुणाला बोलू नकोस."

म्हणजे काय, की माझी पहिली बुद्धी झाली ती झाकायची. पोरीला वाचवायची नाही. डबा जागेवर गेला की आमच्याकडं बोट दाखवायला काही राहणार नाही, एवढंच मला दिसलं. चौदा वर्षांची इभ्रत, अण्णांचं लायसन, अशोकची दोन मुलं, माझा पगार, सगळं डोक्यात आलं. वर्षा शेवटी आली.

तीसुद्धा डोक्यात स्वतःहून आली नाही. थोड्याच वेळात तिचाच फोन आला.

"काकू, मी वर्षा. बाबांनी सांगितलं तुम्ही बघताय. शुक्रवारी माझा फॉर्म द्यायचाय. त्यात एक रकाना आहे, तुमच्याविरुद्ध कुठली चौकशी चालू आहे का. मी काय लिहू? हो लिहिलं तर थांबवतील. नाही लिहिलं आणि पुढं निघालं, तर खोटं लिहिलं म्हणून कायमचं काढतील. काकू, मी तो पिक्चर बघितलासुद्धा नाही हो."

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तू होस्टेलात होतीस हे सांग ना पोलिसांना," मी म्हटलं.

"सांगितलं. ते म्हणाले, तू होस्टेलात असशील, डबा तर तुझ्या घरात होता. घरात कोण होतं ते सांग."

घरात कुणीच नव्हतं. आणि डबा दुकानात होता हे जगात आम्हा तिघांनाच माहीत, मी, अशोक आणि बाळू. आणि मी नुसतं तोंडानं सांगितलं तरी त्याला पुरावा काय? पुरावा म्हटल्याबरोबर मी ताडकन उठले. पुरावा होता! ह्या फायबरमध्ये एक गोष्ट चांगली आहे. ऑफिसातल्या मशीनला प्रत्येक डबा किती लांब आहे ते कळतं. उजेड जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून ते मीटरमध्ये अंतर काढतं. कनेक्शन बसवलं त्या दिवसाचा वर्षाच्या घरच्या अंतराचा फोटो आमच्या ग्रुपवर होता; बसवल्याची खूण म्हणून अशोक नेहमी टाकायचा. बाळूचं दुकान तिथून तीन किलोमीटर पुढं. म्हणजे डबा आत्ता, ह्या क्षणाला, दुकानात चालू असेल तर मशीन ते तोंडानं सांगेल. आणि मी अशोकला तो काढायला पाठवलं होतं.

अशोकला फोन लावला. उचलेना. गाडीवर असणार. परत लावला. पडद्यावर वर्षाच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. मी एका हातानं फोन लावतेय, दुसऱ्या हातानं माऊस धरतेय, आणि घाईत पान उघडायच्या ऐवजी दोनदा बंदच केलं. मशीनचं ते पान उघडायला एरवीही वेळ घ्यायचं. मी त्या कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, मारुतीला नारळ बोलले, परत शिव्या दिल्या. शेवटी उघडलं. डब्याचा नंबर, तारीख, वेळ, अंतर. मी पडद्याचा फोटो काढला, मग मोबाईलनं परत काढला, मग नीट आलाय का नाही असं वाटून तिसऱ्यांदा काढला. तेवढ्यात ठिपका लाल झाला. अशोकनं वायर काढली होती.

अशोकचा फोन आला, "ताई, काढला डबा. बाळू लई तणतणतोय. आता किसनमामांच्या घरी लावू?"

"नको. इकडं घेऊन ये. आणि अशोक, तू काही केलं नाहीस. मी सांगितलं, तू केलं. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

तो मग म्हणाला, "म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली की ताई. ती पोरगी चांगली हाय वो."

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा वाईट माणूस नाही. देवभोळा, कुणाच्या अडल्यानडल्याला धावणारा. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"मंगलताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या पोरीला एक जबाब द्यायचाय फक्त. ती निर्दोष आहे, सुटेल. तुम्ही लिहून दिलं तर आपण सुटणार नाही. एकाच्या नावाचा डबा दुसऱ्याला दिला, हे आपल्याच हातानं लिहून द्यायचं? हात दाखवून अवलक्षण!"

"अण्णा, ती शुक्रवारी सुटायला पाहिजे. वर्षभरानं सुटून काय करायचंय?"

"ऑफिसच्या लेटरहेडवर मी देणार नाही."

"साध्या कागदावर देते. उत्तर माझ्या नावानं गेलंय, दुरुस्तीही माझ्याच नावानं जाईल."

माझा आवाज चढला होता. बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. अण्णा टेबलावरची बाटली उचलून पाणी प्यायले.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं नगरला गेले. पिशवीत दोन्ही फोटोंच्या छापील प्रती, डबा, आणि हातानं लिहिलेलं पत्र. रस्ताभर मी त्या पत्राच्या घड्या मोजत होते. मनात येत होतं, तिसगाव आलं की उतरावं, परत जावं, अण्णा म्हणतात तेच खरं असेल. उतरले नाही, ह्यात काही शौर्य नाही. शेजारी बसलेल्या बाईचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं, त्याला उठवावं लागलं असतं.

वर्षा सायबरच्या ऑफिसाबाहेर उभी होती. केस घट्ट बांधलेले, बूट पॉलिश केलेले. मी तिला तिथंच सगळं सांगून टाकलं. तुझा डबा आम्ही दुसरीकडं लावला होता, आणि नाव मी पाठवलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. बास, तेवढंच.

आतले साहेब शांत होते. रागावतील ह्या तयारीनं गेलेल्या माणसाला शांत माणसाची जास्त भीती वाटते. त्यांनी दोन्ही अंतरं वाचली, डब्याचा नंबर ताडून बघितला, अशोकचा त्या ग्रुपवरचा जुना फोटो माझ्या मोबाईलमध्ये तारखेसकट बघितला.

"हे डबे असे फिरवायची परवानगी कुणाची?"

"माझी."

"मालकांची?"

"ठरवलं मी."

"असे किती डबे फिरवले?"

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, म्हणजे तुमच्या नोंदींवरून आम्ही कुणाच्याही दारात गेलो असतो तर चुकीच्या दारात गेलो असतो."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जबाब लिहून घ्यायला दुपार झाली. ते म्हणाले, मुलीच्या फाइलीला हा जबाब लागेल, पण पुढचं माझ्या हातात नाही. वर्षानं त्या रकान्यात 'हो' लिहिलं, खाली सगळा खुलासा लिहिला आणि शुक्रवारी फॉर्म दिला. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. जेवण जाईना. फोन वाजला की धावायचे, नाही वाजला की चालू आहे का ते बघायचे. किसनमामा दोन दिवसांआड फडावरून फोन करायचे, "काय कळलं का बाई?" आणि मला 'नाही' म्हणायची चोरी झाली होती. तिच्या यादीतल्या मुली ट्रेनिंगला निघून गेल्या. वर्षाची फाइल तिथंच. ती होस्टेल सोडून गावी आली, कुलूप उघडून एकटीच राहिली, रोज पहाटे रस्त्यावर पळायची. हे मला अशोक येऊन सांगायचा आणि मी त्याला म्हणायचे, सांगत जाऊ नकोस रे.

वरच्या कंपनीनं अण्णांना जाब विचारला. सगळे कागद नव्यानं करायला लावले, घरोघरी जाऊन डबे मोजायला लावले. लायसन राहिलं. मी राहिले नाही. अण्णांनी पेढ्याचा पुडा आणि साडी देऊन मला निरोप दिला, आणि मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. बाळूनं दुकानावरची पाटी बदलली, एवढंच त्याचं झालं.

वर्षाचं नेमणुकीचं पत्र आलं, पण पुढच्या तुकडीसोबत. त्याच यादीतल्या मुलींच्या ती ज्येष्ठतेत कायमची मागं राहिली. नोकरीत ही गोष्ट लहान नसते, ज्यांनी केलीय त्यांना ठाऊक आहे. पण आलं. किसनमामांनी मला फोनवर सांगितलं. मग दोघंही नुसतेच हॅलो हॅलो करत होतो.

ट्रेनिंग संपवून ती पहिल्या सुट्टीला माझ्या घरी आली. साध्या कपड्यांत, पण चालण्यातून कळत होतं. पाया पडायला वाकली तर मी मागं सरकले. म्हटलं, अगं नको, माझ्या नको. पेढे दिले, चहा घेतला, ट्रेनिंगच्या गमती सांगितल्या. रायफल पहिल्यांदा उचलली तेव्हा कोयत्यापेक्षा जड लागली, म्हणाली, आणि दोघी हसलो. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

उठता उठता ती म्हणाली, "काकू, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचार की."

"माझा रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधी तुमचा फोन यायचा. नाही उचलला तर परत यायचा. मी लायब्ररीत असले तर तिसऱ्यांदा यायचा. मग तो कंपनीचा मेल आला त्या दिवशी, माझं नाव पाठवायच्या आधी, एक फोन का नाही केलात?"

रागानं नव्हती विचारत. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"अगं, घाई होती फार," मी म्हणाले. "वरून मेलवर मेल चालले होते."

"हां," ती म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

घाई नव्हती. मेल एकच आला होता, आणि उत्तराला चार दिवसांची मुदत होती. तिचा नंबर माझ्यासमोर पडद्यावर, तिच्या नावाच्या खालीच होता. तो मी एक एक आकडा तपासून त्या उत्तरात उतरवला, पोलिसांना चुकीचा जाऊ नये म्हणून दोनदा वाचला, आणि पाठवून दिला.